अनेकार्थता आणि निवड : एका इंग्रजी–पोलिश कोशाच्या निमित्ताने

माझ्या संग्रहात एक लहानसा इंग्रजी–पोलिश शब्दकोश आहे. त्याचे मुखपृष्ठ आणि आरंभीची पाने गळून गेलेली आहेत. त्यामुळे तो कोणी सिद्ध केला, कोठे छापला गेला आणि कोणाच्या मालकीचा होता, हे सांगण्यास काही साधन उरलेले नाही. माझ्या वडिलांनी तो १९५० च्या सुमारास कोल्हापुरातील एका रद्दीच्या दुकानातून आणला. ते शाळेत इंग्रजी शिकवीत, आणि कोश म्हटला की तो कोणत्या भाषेचा आहे हे फारसे न पाहता घरी आणावयाचा, अशी त्यांची रीत होती. ‘कधीतरी कोणाला तरी लागेल,’ असे ते म्हणत. हा कोश मात्र घरात कोणालाच लागला नाही. पुष्कळ वर्षे तो कपाटाच्या वरच्या फळीवर पडून होता. एम. ए. च्या वर्गांना इंग्रजी वाङ्मय शिकवू लागल्यानंतर मी तो प्रथमच नीट उघडून पाहिला.

कोल्हापुरात पोलिश कोश सापडावा यात वस्तुतः नवल नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड व्यापला. पूर्व भागातील लाखो नागरिकांची १९४० पासून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत सक्तीने रवानगी करण्यात आली. १९४१ साली हिटलरने रशियावर आक्रमण केल्यानंतर त्यांपैकी काहींची सुटका झाली. इराणमार्गे बाहेर पडलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांतील सुमारे ५,००० जणांना कोल्हापूरनजीक वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला. ही छावणी १९४३ पासून १९४८ पर्यंत होती. तेथे पोलिश मुलांसाठी शाळा चालत. छावणी रिकामी झाल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच परिसरात आली आणि आजचे गांधीनगर वसले. जाणाऱ्यांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंतून हा कोश रद्दीत पोहोचला असावा, असा माझा तर्क आहे.

कोशाच्या पानापानांवर बारीक हाताने केलेल्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. एका इंग्रजी शब्दापुढे तीन-चार पोलिश प्रतिशब्द असतील तर त्यांना १, २, ३ असे आकडे घातलेले आहेत. काही ठिकाणी त्यांतील एका शब्दाभोवती वर्तुळ आहे. ज्या शब्दाला एकच प्रतिशब्द आहे, त्याच्या वाटेला हा वाचक गेलेला नाही. त्याची पेन्सिल थांबते ती केवळ अनेकार्थी शब्दांपाशी. प्रस्तुत लेख त्या थांबण्याविषयी आहे.

साहित्याच्या अध्यापकाला अनेकार्थतेचे मोठे कौतुक असते. विल्यम एम्पसन यांचा ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी’ हा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला, आणि संदिग्धता हा काव्याचा दोष नसून त्याची शक्ती होय, ही भूमिका पुढे नवसमीक्षेने जवळजवळ सिद्धान्ताच्या पदवीस नेली. विरचनावाद्यांनी अर्थाच्या अनिश्चिततेला त्याहूनही वरचे स्थान दिले. आपल्याकडे श्लेष आणि ध्वनी यांची परंपरा असल्यामुळे मराठी अभ्यासकाला हे सारे फारसे परके वाटले नाही. मीही वर्गात वर्षानुवर्षे हेच सांगत आलो की, एका शब्दात जितके अर्थ नांदतील तितकी संहिता समृद्ध. याच धारणेचा उपसिद्धान्त म्हणून भाषांतराकडे मी घट या दृष्टीने पाहत असे. मूळचा शब्द श्रीमंत आणि भाषांतरातला त्याचा गरीब आप्त, असे काहीसे चित्र माझ्या मनात होते. ते चित्र या कोशामुळे, आणि या कोशाच्या आधारे मी केलेल्या एका चुकीमुळे, बदलले.

चुकीकडे वळण्यापूर्वी माझ्या पोलिशच्या अध्ययनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठी संतसाहित्याच्या अभ्यासासाठी पुण्यास आलेल्या एका पोलिश विदुषींची ओळख झाली. त्यांच्या अडलेल्या ओव्या मी उलगडून सांगाव्यात आणि त्यांनी मला पोलिश वाचावयास शिकवावे, असा आमचा व्यवहार ठरला. त्या मला ‘सर’ म्हणत, मी त्यांना ‘बाई’ म्हणत असे. मी कोश दाखविल्यावर त्यांनी तो बराच वेळ चाळला आणि म्हणाल्या, “सर, या खुणा सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. सगळे अनेकार्थी शब्द एका जातीचे नसतातच मुळी.”

हे विधान त्यांनी उदाहरणांनी पटवून दिले. इंग्रजी ‘सील’ हा शब्द समुद्रातील एका प्राण्याला लागतो आणि मोहोर या अर्थीही येतो. पोलिशमध्ये पहिला ‘फोका’, दुसरा ‘प्येचेंच’. हे दोन्ही ‘सील’ व्युत्पत्तीने वेगळे आहेत. एक जुन्या इंग्रजीतून आलेला, दुसरा लॅटिनमधून. त्यांची गाठ पडली ती केवळ उच्चाराच्या योगायोगाने. पोलिश भाषांतरकाराने त्यांना वेगळे केले तर कोणाचे काही बिघडत नाही. विनोदी लेखकाचे थोडेसे बिघडते, एवढेच. ‘क्रेन’ची गोष्ट निराळी. इंग्रजीत तो करकोच्याच्या जातीचा पक्षी आहे आणि ओझे उचलणारे यंत्रही आहे. पोलिशमधील ‘झुराफ’ हा शब्दही नेमके हे दोन्ही अर्थ देतो, आणि शिवाय विहिरीवरच्या पाणी उपसण्याच्या लांब दांडीलाही तेच नाव आहे. फ्रेंचमध्येही पक्षी आणि यंत्र यांना एकच शब्द आहे. येथे योगायोग नाही. लांब मान खाली वाकवून काहीतरी उचलणारी आकृती माणसाच्या डोळ्यांनी पुनःपुन्हा ओळखली, आणि सादृश्यमूलक लक्षणेने भाषाभाषांतून तोच प्रवास केला. अशा ठिकाणी अनेकार्थता भाषांतरात अक्षत राहते.

तिसरे उदाहरण त्यांनी उलट्या दिशेने दिले. पोलिशमध्ये ‘झामेक’ म्हणजे दुर्ग आणि ‘झामेक’ म्हणजे कुलूपही. जर्मनमध्येही हे दोन अर्थ एकाच शब्दात आहेत. त्यामुळे काफ्काच्या कादंबरीचे पोलिश शीर्षक वाचणाऱ्याला दुर्ग आणि त्याचे बंद दार एकाच शब्दात ऐकू येतात. इंग्रजी वाचकाला ‘कॅसल’ या शब्दात कुलूप दिसत नाही. श्रीमंत मूळ आणि गरीब भाषांतर ही माझी मांडणी येथेच डळमळली. प्रत्येक भाषेची संपत्ती वेगळ्या ठिकाणी पुरलेली असते. इंग्रजीला त्यात काही विशेष अधिकार नाही.

खरा प्रश्न चौथ्या प्रकाराचा आहे. ज्या ठिकाणी इंग्रजी शब्दाचे अर्थ एकमेकांपासून तुटलेले नाहीत, एकाच कल्पनेचे ते अंश आहेत असे इंग्रजी भाषकाला वाटते, आणि पोलिश मात्र त्या कल्पनेच्या मधून सीमारेषा आखते, त्या ठिकाणी काय होते? ‘सब्जेक्ट’ हा शब्द पाहावा. व्याकरणातील कर्ता, तत्त्वज्ञानातील ज्ञाता, शाळेत शिकविला जाणारा विषय आणि राजाचा प्रजाजन हे चारही इंग्रजीत ‘सब्जेक्ट’ होत. पोलिशमध्ये कर्ता आणि ज्ञाता यांना ‘पोद्म्योत’ म्हणतात, शाळेतील विषयाला ‘प्शेद्म्योत’, आणि प्रजाजनाला ‘पोद्दानी’. यांतील ‘पोद्म्योत’ हा लॅटिन घटनेचा अवयवशः अनुवाद आहे. ‘पोद’ म्हणजे खाली, ‘म्योत’ म्हणजे टाकलेले. ‘प्शेद्म्योत’ म्हणजे पुढ्यात टाकलेले, अर्थात ‘ऑब्जेक्ट’. याचा अर्थ असा की, ज्याला इंग्रज विद्यार्थी ‘सब्जेक्ट’ म्हणतो त्याला पोलिश विद्यार्थी वस्तू या अर्थाचा शब्द वापरतो. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटू नये. आपला ‘विषय’ हा शब्दही शाळेच्या वेळापत्रकात एक काम करतो आणि वेदान्ताच्या परिभाषेत ‘विषयी’च्या समोर उभा राहून दुसरे काम करतो. या एका शब्दापुरती पोलिश आणि मराठी यांची समज इंग्रजीपेक्षा एकमेकींना जवळची आहे.

या भेदाचा परिणाम केवळ कोशापुरता राहत नाही. अल्थुसर यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या शब्दाच्या दुहेरी अर्थावरच युक्तिवाद उभारला. माणूस स्वतंत्र कर्ता म्हणून घडतो तो सत्तेच्या अधीन होऊनच, असे त्यांना म्हणावयाचे होते, आणि त्यांच्या फ्रेंचमध्ये या दोन्ही गोष्टींना एकच शब्द होता. इंग्रजीला ही सोय आयती मिळाली. पोलिशला दोन शब्द घ्यावे लागतात, पण ‘पोद्म्योत’ आणि ‘पोद्दानी’ या दोहोंच्या आरंभी तेच ‘खाली’ आहे. त्यामुळे युक्तिवादाचा पुसटसा प्रतिध्वनी तरी उरतो. मराठीत ‘विषयी’ आणि ‘प्रजाजन’ यांच्यामध्ये पूलच नाही. १९९० च्या दशकात आम्ही ‘सब्जेक्ट’ला प्रतिशब्द शोधत कित्येक चर्चासत्रे घालविली, मराठीचे दारिद्र्य हे त्यामागील कारण नव्हते. आम्ही एका शब्दाला शब्द शोधत होतो आणि प्रत्यक्षात तो एका श्लेषावर आधारलेला सिद्धान्त होता.

आता माझ्या चुकीविषयी. जोझेफ कॉनरॅड हा जन्माने पोलिश, कोझेन्योव्स्की आडनावाचा. १८५७ साली बेर्दिचेव्ह येथे तो जन्मला त्या वेळी पोलंड हे राज्य नकाशावर नव्हते. १७९५ पासून १९१८ पर्यंत ते नव्हतेच. म्हणजे तो रशियाच्या झारचा ‘सब्जेक्ट’ म्हणून जन्मला आणि १८८६ साली ब्रिटनच्या राणीचा ‘सब्जेक्ट’ झाला. वडील आपोलो हे कवी, नाटककार आणि भाषांतरकार. शेक्सपिअर, ह्यूगो, व्हिन्यी यांना त्यांनी पोलिशमध्ये आणले. मुलाने मात्र इंग्रजीत लिहिले. त्याची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कादंबरिका १८९९ साली नियतकालिकातून आणि १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे पोलिश भाषांतर त्याच्या नात्यातील अनिएला झागूर्स्का यांनी केले व ते १९३० साली, म्हणजे एम्पसन यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, प्रकाशित झाले. शीर्षक होते ‘योंद्रो चेम्नोश्चि’.

एका चर्चासत्रात मी या शीर्षकावर निबंध वाचला. माझ्याजवळच्या कोशात ‘हार्ट’पुढे पहिला प्रतिशब्द ‘सेर्त्से’ आहे, तर ‘योंद्रो’ हा शब्द ‘कर्नेल’पुढे येतो. मी निष्कर्ष काढला की, भाषांतरकर्तीने हृदय काढून तेथे बी ठेवली. स्पंदन, भावना, धैर्य, खंडाचा मध्यभाग असे सारे अर्थ एका कठीण, निर्जीव शब्दापायी गमावले. इंग्रजी शब्दाच्या समृद्धीवर पोलिश भाषेने केलेला हा अन्याय आहे, अशा आशयाचे वाक्य मी मोठ्या आवेशाने वाचले होते, आणि सभागृहात ते आवडलेही होते.

पुढे कधीतरी तो निबंध मी बाईंना दाखविला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, “सर, ‘सेर्त्से’ हा शब्द झागूर्स्कांना ठाऊक नव्हता, असे आपल्याला वाटते का?” मी निरुत्तर झालो. पोलिशमध्येही एखाद्या प्रदेशाच्या मध्याला ‘सेर्त्से’ म्हणता येते. म्हणजे तो शब्द हाताशी होता आणि तो घेतला गेला नाही. मग त्यांनी मला कादंबरिकेच्या आरंभीचे एक स्थळ पुन्हा वाचावयास सांगितले. तेथे निवेदक मार्लोच्या गोष्टी सांगण्याच्या पद्धतीविषयी बोलतो. इतर खलाशांच्या गोष्टींचा अर्थ फोडलेल्या कवचाच्या आत सापडावा तसा असतो. मार्लोच्या लेखी मात्र प्रसंगाचा अर्थ आतल्या बीप्रमाणे आत नसतो, तो गोष्टीभोवती धुक्याच्या वलयासारखा बाहेर असतो, असा त्या भागाचा आशय आहे. हे स्थळ मी वर्गात किमान वीस वेळा शिकविले होते. आणि कवचाच्या आतल्या बीला पोलिशमध्ये जो शब्द आहे तो म्हणजे ‘योंद्रो’.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पोलिश वाचक ज्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘काळोखाची बी’ असे वाचतो, त्याच ग्रंथाच्या पहिल्या काही पानांत त्याला सांगितले जाते की, बी शोधू नका, अर्थ तेथे नाही. पुढे कुर्ट्झपाशी पोहोचल्यावर तो आतून पोकळ असल्याचे मार्लो सांगतो. शीर्षकाने ज्या गाभ्याचे आश्वासन दिले तो गाभा सापडतच नाही. हा उपरोध इंग्रजी शीर्षकातही आहे, परंतु ‘हार्ट’च्या अनेक अर्थांच्या गर्दीत तो मागे राहतो. पोलिश शीर्षकात तो पुढे येतो. शिवाय ‘योंद्रो’ म्हणजे अणूचे केंद्र आणि पुरुषाचे वृषणही. म्हणजे हा शब्दही एकार्थी नाहीच. त्याची अनेकार्थता निराळ्या दिशांना फाकते, इतकेच. जे गेले ते खरेच गेले. स्पंदन गेले, आणि कादंबरिकेच्या अखेरच्या वाक्यात शीर्षकाचे शब्द परततात तेव्हाची इंग्रजीतील ऊब आणि भीती यांची सरमिसळ गेली. मात्र त्याच्या बदल्यात काही आलेही, आणि माझ्या निबंधात या दुसऱ्या बाजूचा उल्लेखच नव्हता. २०११ साली माग्दा हायडेल यांनी नवे भाषांतर करताना जुनेच शीर्षक ठेवले. २०१७ साली यात्सेक दुकाय यांनी या कथेचे मुक्त पुनर्लेखन केले तेव्हा ‘सेर्त्से चेम्नोश्चि’ असे शीर्षक दिले. दोन्ही वाटा अद्याप खुल्या आहेत, याचा हा पुरावा होय.

निबंध चुकला याचे मला फारसे वाईट वाटले नाही, निबंध चुकतात. पण चुकीचे मूळ कोठे होते याचा विचार करताना मला भर्तृहरीची आठवण झाली. अनेकार्थी शब्दाचा अर्थ संयोग, विप्रयोग, साहचर्य, प्रकरण इत्यादींनी निश्चित होतो, हे त्याचे विवेचन आपण सर्वांनी अभ्यासलेले असते. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणावयाचे आणि प्रवासास निघताना म्हटले तर घोडा. कोशात मात्र प्रकरण नसते. तेथे मीठ आणि घोडा शेजारी शेजारी बांधलेले असतात. प्रकरण पुरविणे हे कोश उघडणाऱ्याचे काम आहे, आणि ते त्याला आपल्या जवळच्या सामग्रीतूनच पुरवावे लागते. झागूर्स्कांनी ते संहितेतून पुरविले. मी ते पुरविलेच नाही. पहिला प्रतिशब्द म्हणजे खरा अर्थ, असे मी मानून चाललो. मग वळिवड्याच्या त्या वाचकाने ते कोठून आणले असेल, असा प्रश्न मला पडला.

त्या दृष्टीने मी खुणा पुन्हा पाहिल्या. ‘रिलीफ’ या शब्दापुढे ‘उल्गा’ म्हणजे सुटकेचा निःश्वास, आणि ‘पोमोत्स’ म्हणजे मदत. ‘पोमोत्स’भोवती वर्तुळ आहे. निर्वासितांच्या छावणीत हा इंग्रजी शब्द कोणत्या अर्थाने कानांवर पडत असेल, हे सांगण्यास टीकाकाराची गरज नाही. ‘स्टेट’पुढे ‘स्तान’ म्हणजे अवस्था आणि ‘पान्स्त्फो’ म्हणजे राज्यसंस्था. येथे केवळ आकडे आहेत, वर्तुळ नाही.

या ‘पान्स्त्फो’ने माझी एकदा फजिती केली होती. बाई मायदेशी परतल्यानंतर त्यांनी आम्हां पतिपत्नींना नववर्षाचे शुभेच्छापत्र पाठविले. आरंभ होता ‘द्रोद्झि पान्स्त्फो’. माझा कोश एकेरी वाटेचा. इंग्रजीतून पोलिशकडे जाणारा. ‘पान्स्त्फो’ हा शब्द मी केवळ ‘स्टेट’पुढे पाहिलेला. ‘प्रिय राज्यसंस्था’ असे संबोधन वाचून मी बुचकळ्यात पडलो. नंतर कळले की, ‘पान’ म्हणजे गृहस्थ, ‘पानी’ म्हणजे गृहिणी, आणि दोघांना मिळून आदराने संबोधावयाचे तर ‘पान्स्त्फो’. इंग्रजीच्या एका ‘यू’साठी पोलिशमध्ये सलगीचा एक, आदराचे तीन आणि समूहाचा आणखी एक असे शब्द आहेत, आपल्या ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांच्याशी नाते सांगणारी ही व्यवस्था. म्हणजे ‘स्टेट’ आणि ‘यू’ हे दोन इंग्रजी शब्द, ज्यांचा परस्परांशी काही संबंध नाही, ते पोलिशमध्ये एका शब्दात भेटतात. फजितीचे हसू ओसरल्यावर एक विचार मात्र मनात राहिला. छावणीतील एखाद्या कुटुंबाला त्यांच्याच भाषेत कोणी आदराने हाक मारली असेल, तर ती याच शब्दाने. ज्यांचे ‘पान्स्त्फो’ परक्यांच्या वाटाघाटींत सापडले होते, ते एकमेकांना ‘पान्स्त्फो’ म्हणत होते.

सर्वांत अधिक खुणा आहेत त्या ‘कंट्री’ या शब्दापाशी. त्यापुढे तीन प्रतिशब्द आहेत : ‘क्राय’ म्हणजे देश, ‘ओयचिझ्ना’ म्हणजे पितृभूमी, ‘व्येश’ म्हणजे खेडेगाव. इंग्रजीत हे तिन्ही अर्थ एका घरात सुखाने राहतात. माझ्या कोशात ‘ओयचिझ्ना’भोवती वर्तुळ काढून ते खोडरबराने पुसलेले आहे. पुसल्याचा काळसर डाग अजून स्पष्ट दिसतो, आणि तेथे कागद थोडा विरलेला आहे. त्यानंतर ‘क्राय’भोवती फिकट वर्तुळ आहे. तेही पुसण्याचा प्रयत्न झाला असावा.

हे पाहून मी काय केले असेल याची वाचकाला कल्पना येईल. १९४५ साली पोलंडची पूर्वेकडील भूमी सोव्हिएत संघराज्यात गेली, आणि वळिवड्यातील बहुतेकांची घरे त्या भूमीवर होती. त्याच वर्षी ५ जुलै रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध संपले, आणि ज्या गावाहून माणूस उचलून नेला गेला होता ते गाव आता दुसऱ्याच राज्यात होते. ‘क्राय’ होता, त्यात ‘ओयचिझ्ना’ होती की नाही हा प्रश्न होता, आणि ‘व्येश’ तर तिसऱ्याच ठिकाणी राहिले होते. इंग्रजीत ‘तुमच्या कंट्रीत परत जाणार का?’ असा प्रश्न सहज विचारता येतो. पोलिशमध्ये उत्तर देणाऱ्याला आधी ठरवावे लागते की तीनपैकी कोठे. पेन्सिलीच्या त्या पुसलेल्या वर्तुळात मला हा सारा इतिहास दिसला, आणि मी बाईंना सविस्तर पत्र लिहिले.

त्यांचे उत्तर आले ते मला जमिनीवर आणणारे होते. छावणीत शाळा होत्या, मुले इंग्रजी शिकत होती, हे आपण विसरू नये, असे त्यांनी लिहिले. एखाद्या मुलाने गृहपाठ करताना चुकीच्या शब्दाभोवती वर्तुळ काढले असेल, शिक्षिकेने ते दुरुस्त करावयास सांगितले असेल, एवढीच ती गोष्ट असू शकते. योंद्रोच्या वेळी मी संहितेकडे न पाहता निष्कर्ष काढला होता. आता संहिता नसताना काढीत होतो. त्यांचे म्हणणे रास्त होते. आतली बी म्हणून मी जे हाती घेतले होते ते माझ्याच मुठीतून आलेले होते. कोश वळिवड्याचाच आहे याला तरी माझ्या तर्कापलीकडे काय आधार?

तरीही या आक्षेपाने माझा मूळ मुद्दा नाहीसा होत नाही, असे मला वाटते; किंबहुना तो अधिक साधा होतो. खुणा करणारा हात मुलाचा असो की त्याच्या आईचा, त्याला तीन शब्दांतून एक घ्यावयाचा होता. गृहपाठातही ‘कंट्री’पुढे तिन्ही शब्द लिहून चालत नाही. आम्ही समीक्षक अनेकार्थतेला जी समृद्धी म्हणतो, ती थांबण्याची मुभा असलेल्या माणसाची समृद्धी असते. कविता वाचताना मला कोणी घाई करीत नाही. तिन्ही अर्थ एकाच वेळी मनात वागवून मी त्यांचा आस्वाद घेऊ शकतो. भाषांतरकाराला ही मुभा नाही. त्याला शब्द लिहावाच लागतो आणि त्याच्या परिणामांसह तो आपला म्हणावा लागतो. परक्या भाषेतील प्रश्नाला उत्तर देणाऱ्या निर्वासितालाही ती नाही. संदिग्धतेची जी तत्त्वचर्चा मी शिकलो आणि शिकविली, तीत निवडणाऱ्या माणसाला जागा नव्हती. अर्थ शब्दात किती आहेत हे मोजण्यात ती गुंतली होती. त्यांतला एक कोणाला, कोणत्या क्षणी, काय मोजून घ्यावा लागतो, हे तिने विचारले नाही.

पुढे वर्गात मी एक बदल केला. भाषांतराच्या तासाला विद्यार्थी प्रतिशब्द देत तेव्हा मी त्यांना तो बरोबर की चूक हे आधी सांगत नसे. कोणते दोन शब्द बाजूला ठेवले आणि कशासाठी, हे त्यांनी वहीत लिहावे, असा आग्रह धरी. कॉनरॅडच्या शीर्षकासाठी कोणी ‘काळीज’ लिहिले, कोणी ‘गाभा’. ‘गाभा’ लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने कारण दिले होते : हा शब्द ‘गर्भा’पासून आलेला आहे, आणि मला काळोखातून काही जन्मते आहे असे सुचवायचे नव्हते, म्हणून मी शेवटी तो खोडला. तिने पुढे काहीच लिहिले नव्हते. जागा रिकामी सोडली होती. त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले.

कोश आता माझ्या टेबलावर असतो. ‘कंट्री’चे पान फार हाताळल्यामुळे सुटत आले आहे, म्हणून मी ते पातळ कागदाने चिकटवून घेतले. चिकटविताना एक काळजी घेतली : पुसलेल्या वर्तुळावर डिंक लागू दिला नाही.